३९९ रुपयांत ‘ओरिजिनल’ विंडोज ११? प्रॉडक्ट की विकत घेण्याआधी हे तपासा

परतूर किंवा भोकरदनमधलं एखादं घर. मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप अजून चालू आहे. त्यावरच स्कॉलरशिपचा फॉर्म भरला जातो, सातबारा काढला जातो, नेट बँकिंगही होतं. आता स्क्रीनवर सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. आणि मोबाईलवर जाहिरात दिसते: ‘विंडोज ११ प्रो, लाइफटाइम, फक्त ३९९ रुपये’. अधिकृत किंमत काही हजारांत असताना हे इतकं स्वस्त कसं?

सूचना खरी आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे अपडेट येणं थांबतं. जाहिरातीत मात्र एक गोष्ट सांगितलेली नसते. बहुतेक घरांना ही की लागतच नाही.

तुमचं विंडोज १० अस्सल असेल आणि मशीन पात्र असेल, तर विंडोज ११ फुकट मिळतं. सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्टिव्हेशन’मध्ये जाऊन पाहा. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ असा उल्लेख असेल तर वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. आणि मशीनच पात्र नसेल तर की ३९९ ची असो वा दहा हजारांची, उपयोग शून्य. अडचण लायसन्सची नसते, हार्डवेअरची असते.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे सेकंडहँड बाजारातले चौथ्या-सहाव्या पिढीचे डेस्कटॉप बाद. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप हे तपासून सांगतं. ‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच हार मानू नका. अनेक मशीनमध्ये ती सोय बायोसमध्ये नुसती बंद असते. इंटेलवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम.

स्वस्त की येते कुठून?

कंपनीने स्वतः सवलत दिल्याची उदाहरणं आहेत. २०१२-१३ मध्ये नवा विंडोज ७ पीसी घेणाऱ्यांना विंडोज ८ प्रो ६९९ रुपयांत मिळत होतं. त्यामुळे स्वस्त ऑफर पाहून लोकांचा विश्वास बसतो, यात नवल नाही. पण आजच्या तीन-चारशे रुपयांच्या की बहुधा दुसऱ्या कुणासाठी दिलेल्या असतात. कुठल्या तरी कंपनीच्या शेकडो मशीनसाठीच्या, नव्या लॅपटॉपसोबत देण्यासाठीच्या, किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेल्या. त्या चालतात, म्हणूनच विकल्या जातात. एकच की अनेकांना विकली गेल्याचं लक्षात आलं की ती ब्लॉक होते. तोवर विक्रेत्याचा नंबर बंद झालेला असतो.

यात आणखी एक मेख आहे. घरी ‘होम’ आवृत्ती असताना ‘प्रो’ची की टाकली, तर विंडोज प्रो होतं. पुढे ती की ब्लॉक झाली की मूळचं होम लायसन्स त्या प्रोला चालत नाही, पुन्हा होम टाकावं लागतं. म्हणजे पैसे देऊन होतं तेही गमावलं.

दुकानात ‘लोड करून’ मिळणाऱ्या विंडोजचं काय? काही ठिकाणी अ‍ॅक्टिव्हेटर नावाचा प्रोग्राम चालवून ते सुरू केलं जातं. अशा प्रोग्रामसोबत पासवर्ड चोरणारे व्हायरस आल्याचं सायबर तज्ज्ञांनी दाखवून दिलंय. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा, त्यावर हा धोका कशाला?

मशीन जुनं असेल तर विंडोज १० लाच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ही नोंदणी मोफत होते, नाहीतर ३० डॉलर. त्यानंतर लिनक्स मिंटसारखा मोफत पर्याय आहेच. ब्राउझर आणि मराठी टायपिंग त्यावर नीट चालतं. टॅली किंवा श्रीलिपी वापरत असाल तर मात्र आधी चौकशी करा.

प्रत्यक्ष अपग्रेड करताना आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. डाउनलोड काही जीबींचं असतं, रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ते बसत नाही. ब्रॉडबँड असलेल्या ओळखीच्या ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून आणणं सोपं. फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करा. लाईट जाण्याची वेळ टाळा, यूपीएस असेल तर जोडा, कारण मध्येच वीज गेली तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते.

की घेऊन फसवणूक झालीच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट डिलीट करू नका.