नाडी थांबली, हृदय नाही

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या रस्त्याला लागलं की बावधननंतर भूगाव येतं. एकीकडे जुनं गावठाण, दुसरीकडे डोंगराच्या अंगाला चढत गेलेल्या सोसायट्या. गावात सप्ताह बसला की पहाटेच काकड्याचे सूर कानावर येतात. त्याच वेळी एखाद्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर कुणीतरी कानात इअरफोन घालून, मोबाइलमधल्या ॲपच्या सांगण्याबरहुकूम श्वास मोजत बसलेलं असतं. दोघांना विचारलं की यातून मिळतं काय, तर उत्तर साधारण एकच येतं: बरं वाटतं, मन निवांत होतं. आणि रात्री कीर्तन रंगलं की टाळकऱ्याचं भान हरपतं ते वेगळंच.

हे बरं वाटणं, भान हरपणं नेमकं घडतं कुठे? कवटीतल्या जेमतेम दीड किलोच्या अवयवात, की आणखी कुठे? या प्रश्नाला यंत्र लावून बघण्याचं काम भूगावापासून फार लांब सुरू झालं नाही. त्यासाठी शेजारच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याला जावं लागतं.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्याआधी, १९२०च्या सुमारास, त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात नौली आणि उड्डियान या क्रिया चालू असताना क्ष-किरणांखाली शरीराची तपासणी करून घेतली होती. नौली करताना मोठ्या आतड्यातून पाणी आपोआप वर ओढलं जातं, हे योगी पिढ्यानपिढ्या सांगत होते. कुवलयानंदांनी आतला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. गुरूवरची श्रद्धा आणि दाबमापकावरचा विश्वास एकाच माणसात असे सुखाने नांदत होते.

पुढे १९५७ साली दोन पाहुणे अमेरिकेतून यंत्रं घेऊन भारतात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले एम. ए. वेंगर आणि मिशिगन विद्यापीठातले बी. के. बागची. बागचींचा पूर्वेतिहास कादंबरीत शोभावा असा आहे. ते परमहंस योगानंदांचे तरुणपणापासूनचे मित्र. स्वामी धीरानंद या नावाने ते अमेरिकेत योगाचा प्रसार करत होते. १९२९ साली ते योगानंदांच्या संस्थेतून बाहेर पडले, पुन्हा विद्यार्थी झाले आणि मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, वाचण्यात तज्ज्ञ बनले. भगवी वस्त्रं उतरवलेला हा माणूस आता योग्यांच्या डोक्याला तारा जोडायला परत आला होता. भारतभर फिरताना दोघांनी लोणावळ्यातही मुक्काम केला.

त्या काळात एका दाव्याचा मोठा बोलबाला होता: योगी इच्छेनुसार हृदय थांबवतो. मनगटावर नाडी लागत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोका ऐकू येत नाही, असं पाहिलेले डॉक्टरही होते. वेंगर आणि बागची यांनी दिल्लीच्या 'एम्स'मधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांच्यासोबत अशा चौघांची तपासणी केली. निष्कर्ष १९६१ साली छापून आले. तिघे जण श्वास रोखून छाती आणि पोट आवळून धरत होते. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, मनगटापर्यंत लाट पोचत नाही, आणि उरलेसुरले ठोके आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात बुडून जातात. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय चालूच होतं. चौथ्याची तऱ्हा निराळी होती. त्याने हृदयाची गती खरोखरच चांगली खाली आणली होती.

या निकालाने कोणाचंच समाधान होण्यासारखं नव्हतं. हृदय थांबतं म्हणणाऱ्या भक्ताचा हिरमोड झाला, पण 'सगळी बनवाबनवी' म्हणणाऱ्यालाही टाळी मिळाली नाही. स्वतःची नाडी स्वतःलाच लागत नसेल तर हृदय थांबलं असं त्या साधकाला वाटणं स्वाभाविक होतं. शिवाय चौथा माणूस होताच. अध्यात्म आणि मेंदूविज्ञान यांच्या पुढच्या साठेक वर्षांच्या कथेत हेच पुन्हा पुन्हा घडताना दिसतं. दोन्ही पक्ष यंत्राकडे निवाडा मागायला जातात आणि यंत्र दोघांच्याही अपेक्षेपेक्षा छोटं, पण जास्त विचार करायला लावणारं काहीतरी सांगतं.

आनंद, छिना आणि बलदेव सिंग या 'एम्स'च्या त्रयीने १९६१ सालीच योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की मेंदूत अल्फा नावाच्या संथ लहरी दिसतात. आवाज झाला, चटका बसला की त्या मोडतात. ध्यानात बसलेल्या योग्यांच्या बाबतीत त्या मोडल्या नाहीत. दोघांनी तर ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण-पाऊण तास हात बुडवून ठेवला, तरी अल्फा लहरी टिकून राहिल्या. बाहेरचं जग दाराशी येऊन परत जात होतं.

पाच वर्षांनी जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर असाच प्रयोग केला. त्यांना उलटं चित्र दिसलं. एकच टकटक पुन्हा पुन्हा ऐकवली तर सामान्य माणसाचा मेंदू तिला सरावतो आणि दाद देणं सोडतो. झेन साधकांचा मेंदू प्रत्येक टकटकीला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी दाद देत राहिला. एकाने जग बाहेर ठेवलं, दुसऱ्याने प्रत्येक क्षण नवा म्हणून आत घेतला. दोन परंपरांची शिकवण जणू आलेखावर उमटली होती. इतकं सुबक चित्र पाहून कोणीही हुरळून जाईल, आणि पुष्कळ लेखक हुरळलेही. १९८१ साली बेकर आणि शपायरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांना एकत्र तपासलं, तेव्हा त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

मग आला 'देवाचा कोपरा'. कॅनडातल्या मायकल पर्सिंगर यांनी एक शिरस्त्राण बनवलं. त्यातून कानशिलाजवळच्या भागावर मंद चुंबकीय क्षेत्र सोडलं की 'कुणीतरी जवळ आहे' असा भास होतो, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांना हे फारच आवडलं. २००५ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात ग्रँक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग केला, मात्र यंत्र चालू आहे की बंद हे प्रयोग करणाऱ्यालाही आणि बसणाऱ्यालाही कळू दिलं नाही. यंत्राने काहीच फरक पडला नाही. ज्यांचं मन पटकन सूचना घेतं, त्यांना यंत्र बंद असतानाही भास झाले.

पुढच्याच वर्षी माँट्रियलमध्ये बोरगार्ड आणि पॅकेट यांनी १५ कार्मेलाइट जोगिणींना एमआरआय यंत्रात झोपवलं. देव बोलावल्यावर येत नसतो. म्हणून त्यांना आयुष्यात ईश्वराशी एकरूप झाल्याचा सर्वांत उत्कट क्षण आठवायला सांगितलं. उजळलेला एकच कोपरा सापडला नाही. भावना, शरीराची जाणीव, दृश्यप्रतिमा अशी कामं करणारे बरेच भाग एकत्र हलले. देवासाठी मेंदूत स्वतंत्र देव्हारा नाही. आई आठवताना, गाणं ऐकताना जे घर वापरलं जातं तेच इथेही वापरलं जातं.

बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये २०११ साली झालेला प्रयोग आपल्याला जास्त जवळचा वाटेल. बारा निरोगी व्यक्तींना ओंकाराचा उच्चार करायला लावला आणि तुलनेसाठी नुसता 'स्स' असा आवाज. ओंकाराच्या वेळी भीती आणि भावनांशी जोडलेल्या भागांची, त्यातल्या अमिग्डला नावाच्या बदामाएवढ्या पुंजक्याचीही, हालचाल मंदावली. प्रयोग छोटा आहे आणि करणाऱ्यांनी तो प्राथमिक म्हणूनच मांडला आहे. तो ओंकाराचा अर्थ सांगत नाही, फक्त घुमणाऱ्या उच्चाराचा शरीरावर पडलेला ठसा दाखवतो.

एकट्याने डोळे मिटून बसणं यंत्राला सोयीचं पडतं. सप्ताहातली भक्ती मात्र पन्नास जणांची, टाळ-मृदंगाची, पावलीची. तिच्याशी नातं सांगणारं संशोधनही झालं आहे. ऑक्सफर्डच्या नौकाचालकांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेवढीच मेहनत एकट्याने केल्यापेक्षा सगळ्यांनी तालात केल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढल्याचं दिसलं. शरीरात तयार होणारी वेदनाशामक द्रव्यं हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. स्वीडनमध्ये समूहाने गाणाऱ्यांच्या हृदयाची लय एकमेकांशी जुळताना आढळली. संथ ओळ म्हणताना सगळे एकाच वेळी श्वास सोडतात आणि श्वासामागे हृदय जातं. हरिपाठात पाय, श्वास आणि आवाज एका ठेक्यावर बांधलेले असतात. वारीत दिवसभर चाललेली पावलं संध्याकाळी पुन्हा फुगडी घालतात, त्याचं थोडं कोडं इथे उलगडतं.

अंगात येणं हा प्रकार मात्र अवघड. महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की एकीकडे देवीचा चौक आठवतो आणि दुसरीकडे २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा. अंगात संचार झाल्याचं भासवून लोकांना भिवडवणं, हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही अंगात आलेली प्रत्येक बाई सोंग करते, असं मेंदूविज्ञान म्हणत नाही. २०१२ साली ब्राझीलमधल्या दहा माध्यमांची तपासणी झाली. मृतात्मे आपल्या हातून लिहून घेतात अशी त्यांची श्रद्धा. त्यांतल्या अनुभवी लोकांच्या मेंदूतले, विचारपूर्वक लिहिताना लागणारे काही भाग तंद्रीत मंदावलेले दिसले आणि लिहिलेला मजकूर मात्र जास्त गुंतागुंतीचा होता. याने मृतात्मे सिद्ध होत नाहीत, पण 'मी लिहिलं नाही' असं माणसाला प्रामाणिकपणे वाटू शकतं हे समजतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादीही हा फरक पाळते. समाजाने मान्य केलेल्या विधीत आलेला संचार आजार धरला जात नाही. इच्छेविरुद्ध येणारा, माणसाला पिळून काढणारा संचार आजार ठरतो आणि त्यावर उपचार असतात.

मराठीत एक सोय आहे. आपण 'शुद्ध' आणि 'भान' हे दोन शब्द वेगळे वापरतो. भूल दिली की शुद्ध जाते, अभंगात भान हरपतं. टाळकऱ्याची शुद्ध शाबूत असते, ठेका चुकत नाही. फक्त 'मी' थोडा बाजूला सरकलेला असतो. याच्या उलट टोकाची एक घटना २००६ साली इंग्लंडमध्ये समोर आली. अपघातानंतर शुद्ध हरपलेली २३ वर्षांची एक तरुणी कशालाच दाद देत नव्हती. एड्रियन ओवेन यांनी तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग अशा वेळी उजळतात, तेच तिच्याही मेंदूत उजळले. बाहेरून शुद्ध नाही, आत जाणीव जागी.

जाणीव मेंदूशिवाय दिसत नाही, इतपत बहुतेक शास्त्रज्ञांचं एकमत आहे. पेशींमधल्या विजेच्या खेळातून 'मला वाटतं' कसं उगवतं, यावर मात्र घोडं अडलं आहे. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर कॉख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या देऊन पैज चुकती केली. लगेच २०४८ सालापर्यंतची नवी पैजही लावली.

इकडे काल्याच्या कीर्तनाला आता तरुण टाळकऱ्यांच्या मनगटांवरही नाडी मोजणारी घड्याळं दिसतात. बागचींना जी मोजणी करायला साता समुद्रापलीकडून यंत्र आणावं लागलं, तिच्यातली थोडी आता हातावर बांधून मिळते. गजर टिपेला जातो तसा आकडा चढतो, पसायदानाला हळूहळू उतरतो. दोन्ही हातांत टाळ असल्यामुळे तो बघायला कुणाला सवड होत नाही.