सापडणारे पुस्तक

मंडईची इमारत १८८६ साली बांधून झाली तेव्हा तिचे नाव ‘रे मार्केट’ होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा आहे तर तो शिक्षणावर घाला, हे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्याच बाजाराला फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याला असे काही चालते.

आता मंडईला मेट्रोचे भुयारी स्थानक आहे. तिथून वर येऊन पायी निघाले तर दहा-पंधरा मिनिटांच्या आत शहराचा अर्धाअधिक ग्रंथव्यवहार डोळ्यांखालून जातो. अप्पा बळवंत चौकातली क्रमिक पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे; वर्षानुवर्षे शासकीय विभागीय ग्रंथालयाला जागा देणारा विश्रामबागवाडा; जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती भिडेवाड्याची जागा. आणि लक्ष्मी रस्त्यावर पुणे नगर वाचन मंदिर. तेही १८४८ चेच.

हे ग्रंथालय लोकहितवादींच्या पुढाकाराने ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झाले. लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, तेव्हा पंचविशीत होते आणि त्याच वर्षी ‘प्रभाकर’मधून त्यांची शतपत्रे सुरू झाली. माणसे वाचत नाहीत याचा संताप पत्रांतून काढायचा आणि त्याच वेळी वाचायची सोयही करायची, असा दुहेरी उद्योग. ज्या बुधवारवाड्यात ग्रंथालयाची सुरुवात झाली तो वाडा १८७९ साली आगीत खाक झाला. संस्था मात्र टिकली.

मराठी सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी पद्धत चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही सांगावी लागणार नाही. दाखल नोंदवहीत पुस्तकाची नोंद, त्याला दाखल क्रमांक, मग वर्गीकरण, मग तालिकेची कार्डे. सभासदाची वर्गणी आणि अनामत. देवघेवीच्या टेबलापाशी रांग, आणि रांगेपलीकडे सगळे पाठ असलेला माणूस. ‘ते निळ्या कव्हरचे, प्रवासाचे’ एवढ्यावर तो पुस्तक काढून द्यायचा. कार्डांचे कपाट होते खरे, पण मराठी वाचक त्याच्या वाटेला फारसा गेला नाही. त्याची तालिका म्हणजे तो माणूस.

मोबाइलने पहिला धक्का दिला तो या टेबलाला. वाचक आता नाव आठवत बसत नाही. कुणीतरी पाठवलेला मुखपृष्ठाचा फोटो तो पुढे करतो: ‘हे आहे का?’ नव्या पुस्तकांची यादी फळ्यावर लागायची, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते. मुदत वाढवून घ्यायला फोन किंवा निरोप पुरतो. दिवाळी अंक योजनेत हवा असलेला अंक परत आला का हे पाहायला जुन्या सभासदांच्या खेपा व्हायच्या, त्या कमी झाल्या. फायदा सर्वांत जास्त झाला तो ज्येष्ठांचा. मराठी टंकलेखनाशी ज्यांचे कधी जमले नाही ते आता फोनला तोंडाने नाव सांगतात, आणि फोन ते बऱ्यापैकी बरोबर लिहितो.

दुसरा बदल अभ्यासिकांत झाला आणि तो मला अधिक चक्रावणारा वाटतो. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले गावोगावहून येतात. त्यांना ग्रंथालयाकडून हवे असते ते टेबल, दिवा, चार्जिंगची सोय, शांतता. वाचायचे साहित्य त्यांच्या फोनवर असते. टेलिग्रामवर आलेल्या पीडीएफ, भाषणांच्या चित्रफिती. ग्रंथालयात दिवसभर बसून कपाटातले एकही पुस्तक न मागणारा हा वाचक ग्रंथालयशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत नव्हता. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. खोलीत चौघे राहत असतील तर टेबल हीच मोठी ग्रंथसेवा आहे.

पण खरी गंमत, किंवा खरे दुखणे, तालिकेत आहे.

या शहराला खरे तर तक्रारीला जागा नाही. भारतीय लिप्यांना संगणकावर आणणारी सी-डॅक १९८८ पासून पुण्यात आहे. छपाईच्या दुकानादुकानांत पोचलेली श्रीलिपी ही फाँटप्रणाली पुण्याची. ग्रंथालयांसाठीची ‘स्लिम’ ही संगणकप्रणाली पुण्याच्याच कंपनीची. शिवाय केंद्र सरकारच्या एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ आहे, आणि फुकट मिळणारी ‘कोहा’ आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने बनवून घेतली, कारण त्यांची जुनी प्रणाली सन २००० ची तारीख ओळखणार नव्हती. साधने भरपूर होती. तरीही अनेक मराठी ग्रंथालयांच्या पहिल्या नोंदी अशा फाँटमध्ये झाल्या की तो फाँट नसलेल्या यंत्रावर ‘ययाति’ उघडावी आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसावा. सगळ्या यंत्रांवर सारखे चालणारे युनिकोड आले तेव्हा पुष्कळांना त्याच नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

बरे, युनिकोडने सगळे सुटले का? फुल्यांचे १८८३ सालचे ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र संगणकाला दोन वेगळ्या रीतींनी देता येतो. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. प्रणालीत त्याची तजवीज नसेल तर नोंद एका रीतीने झालेली आणि वाचकाने शोधले दुसऱ्या रीतीने, की उत्तर येते: पुस्तक उपलब्ध नाही. पुस्तक चार फुटांवर कपाटात असते.

हरिभाऊ आपट्यांची कादंबरी जुन्या आवृत्त्यांवर ‘पण लक्षांत कोण घेतो’ अशी अनुस्वारासह छापलेली आहे. १९६२ च्या लेखननियमांनी असले अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी ‘लक्षात’ लिहिणार. शीर्षकपृष्ठावर आहे तेच नोंदवायचे हा सूचीकाराचा धर्म, आणि तो पाळला तर पुस्तक हरवते. मग लेखकांची नावे. वि. दा. सावरकर, विनायक दामोदर, स्वातंत्र्यवीर. माणूस एक, नोंदी तीन. देवघेवीच्या टेबलामागचा माणूस हे सगळे डोक्यात जुळवून घेत असे. यंत्राला ते एकेक करून शिकवावे लागते, म्हणजे ‘लक्षांत’च्या नोंदीत ‘लक्षात’ही घालावे लागते, तिन्ही वि. दा. एका नावाखाली आणावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन होत नाही आणि वर्तमानपत्रात फोटो येत नाही. माझ्या मते मराठी ग्रंथालयाची ‘नवी तंत्रज्ञानसेवा’ पहिल्यांदा हीच. बाकीचे पडदे आणि यंत्रे नंतर.

पुस्तकांच्या प्रतिमा काढण्याचे काम या मानाने पुढे गेले आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तके आंतरजालावर खुली केली आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशने फोनवर विनामूल्य उतरवून घेता येतात. बुधवारवाड्याची आग आणि १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेल्या गावाला एकुलत्या प्रतीचा भरवसा काय, हे वेगळे सांगायला नको. कायदाही इथे मदतीला आहे. प्रताधिकार कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या जवळच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ती सर्वांना वाटता येत नाही, एवढेच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. म्हणून १९५० साली गेलेले साने गुरुजी २०११ पासून सर्वांचे झाले, आणि १९६९ साली गेलेल्या अत्र्यांसाठी २०३० उजाडावे लागेल.

प्रतिमा काढली म्हणजे पुस्तक शोधता येते असेही नाही. चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखावी लागतात. आजचे स्वच्छ छापलेले मराठी पान ते चांगले ओळखते. शिळाप्रेसवरचे पान, जुने खिळे, जोडाक्षरांची जुनी वळणे आली की ते अडखळते, आणि मोडीपुढे तर जाणकार माणूसच बसवावा लागतो.

वाचकाच्या हातात पुस्तक नेऊन ठेवण्याचा विचार काही फोनने दिलेला नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्यात आणले, आणि तिथल्या ग्रंथालय चळवळीतून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानड्यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची एक पेटी, काही घरांत मिळून एक, मग पेट्यांची अदलाबदल. त्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. आखातातल्या मराठी घरात फोनवर हवे ते पुस्तक उतरवता येत असताना लोक पेटीची वाट पाहतात, कारण तिच्यात काय असेल हे त्यांनी ठरवलेले नसते. फोनमध्ये मागितले तेच येते.

राहता राहिला माणूस. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या अनुदानात ग्रंथालय सेवकाच्या वाट्याला काय येते हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावे. वेतनश्रेणीची त्यांची मागणी काही दशके जुनी आहे. ‘लक्षांत’ आणि ‘लक्षात’ एकाच नोंदीखाली आणायचे, ‘शेतकऱ्या’चे दोन्ही र जुळवायचे, फोटो घेऊन आलेल्या आजोबांना त्यांच्याच फोनवर तालिका उघडून द्यायची, आणि संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांचे जागेवरून चाललेले भांडणही मिटवायचे, हे सगळे त्याच पगारात.