रांगेबाहेरचे थांबणे

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारी मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. तेथील मुक्कामात कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड अथवा फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा बेत बहुधा आधीच ठरलेला असतो. पहिले उद्यान १९५५ साली उघडले, दुसरे १९७१ साली. परंतु घरात एखादे स्वमग्न मूल असेल, तर आई-वडिलांच्या मनात येणारा पहिला प्रश्न तिकिटाच्या किमतीचा नसतो. तो रांगेचा असतो. लोकप्रिय खेळासाठी तास-दीड तास उभे राहावे लागते आणि खेळ मात्र चार-पाच मिनिटांत आटोपतो. ज्या मुलाला गर्दी, गोंगाट आणि परक्याचा धक्का सहन होत नाही, त्याला तो तास काढणे अशक्यच असते. शिवाय मूल दिसावयास धडधाकट असल्यामुळे भोवतालच्या लोकांचे शेरे ऐकण्याची पाळी आईवर येते, ती निराळीच.

या अडचणीचा विचार तेथील कायद्याने केलेला आहे. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. खासगी मालकीच्या करमणुकीच्या स्थळांनीही आपल्या रीतीत वाजवी फेरबदल करावेत आणि अपंगांना तेथील आनंद इतरांच्या बरोबरीने घेता यावा, असे बंधन त्याने घातले. पाहुणा परदेशी आहे म्हणून त्याला या सोयी नाकारता येत नाहीत. डिस्नेच्या उद्यानांत यासाठी जी व्यवस्था आहे, तिचे नाव ‘डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस’. तिच्याविषयी आपल्याकडे एक गैरसमज आढळतो, तो असा की या सोयीने रांग मोडून पुढे जाता येते. वस्तुतः रांगेतील प्रतीक्षा तासाची असेल, तर साधारण तासाभरानंतरची वेळ नेमून मिळते. तोवर कुटुंबाने सावलीत बसावे, जेवून घ्यावे, आणि नेमल्या वेळी आखूड रांगेने आत जावे. पंढरपुरास ज्यांना पदस्पर्शाच्या बारीत उभे राहवत नाही, ते मुखदर्शनावर समाधान मानतात. बारी लहान, पण देव दुरून. येथे तसे नाही. खेळ तोच आणि तितकाच जवळून. बदलते ते केवळ थांबण्याचे ठिकाण.

ही व्यवस्था ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. तत्पूर्वीच्या सवलतपत्राचा दुरुपयोग होऊ लागला होता. काही धनिक कुटुंबे रांग चुकविण्यासाठी अपंग व्यक्तीलाच भाड्याने बरोबर नेतात, अशा बातम्या त्या वर्षी वृत्तपत्रांतून आल्या. पुढे २०२४ मध्ये नियम आणखी आवळण्यात आले. आता ही सोय मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना दीर्घकाळ रांगेत थांबता येत नाही, त्यांच्यासाठी आहे. सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटते. लबाडी थोडे लोक करतात आणि त्यापायी वाढलेली चौकशी प्रामाणिक माणसाच्या वाट्यास येते. सांधेदुखीमुळे किंवा आतड्याच्या विकारामुळे ज्याला फार वेळ उभे राहता येत नाही, त्याला बहुधा ही सोय मिळत नाही. त्याला रांगेतून बाहेर पडून पुन्हा आपल्या माणसांत परतण्याची मुभा दिली जाते. माझ्या मते हा नियम जरा जास्तच अरुंद झाला आहे.

अर्ज म्हणजे व्हिडिओवरून होणारी मुलाखत. ती प्रवासाला निघण्यापूर्वी उरकता येते. ज्याच्यासाठी सोय हवी, त्याने मुलाखतीच्या वेळी हजर असावे लागते. वैद्यकीय दाखल्याची अट नाही. परंतु खोटे सांगितल्याचे उघडकीस आले, तर उद्यानाचे दार कायमचे बंद होते. आपले लोक अशा वेळी रोगाचे नाव सांगून गप्प बसतात, किंवा संकोचाने ‘तसा बरा आहे हो’ म्हणून मोकळे होतात. दोन्हींचा उपयोग नाही. रांगेत वीस मिनिटांनी काय घडते, मूल कान झाकते की पळू लागते, त्याला शांत करण्यास किती वेळ लागतो, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. बरोबर आजी-आजोबा, आत्या, चुलत भावंडे असा गोतावळा असेल, तर तेही तेव्हाच विचारावे. कारण ही सोय त्या व्यक्तीसह चौघांना, अथवा निकटच्या कुटुंबाला लागू होते आणि आपली निकटची माणसे तेथील हिशेबात बसतीलच असे नाही.

चाकांच्या खुर्चीची गोष्ट वेगळी. फ्लोरिडातील बहुतेक रांगांतून खुर्ची जाते. डिस्नेलँडमधील काही जुन्या रांगा अरुंद असल्याने तेथे परत येण्याची वेळ दिली जाते. ‘जंगल क्रूझ’मध्ये खुर्चीसकट चढता येईल अशी नाव आहे. इतर अनेक खेळांत मात्र खुर्चीतून आसनावर सरकावे लागते आणि तेथील कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत. तेव्हा उचलणारा धट्टाकट्टा माणूस घरचाच हवा.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे २०१० साली उघडलेले ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान अपंग मुलांचा विचार करूनच उभारले आहे. तेथील गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्रावर चाकांची खुर्चीही चढते, आणि अपंग पाहुण्यास प्रवेशमूल्य पडत नाही.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात स्वमग्नतेचा समावेश असून सुगम्यतेच्या नियमांतून खासगी सेवा देणाऱ्यांनाही वगळलेले नाही. म्हणून देशातल्या एखाद्या उद्यानात जावयाचे असल्यास आठवडाभर आधी लेखी विचारावे: प्रतीक्षेसाठी निराळी जागा आहे काय, खुर्ची कोणत्या खेळापर्यंत जाते, गर्दी कोणत्या वारी कमी असते. उत्तर आले की त्याची प्रत जवळ ठेवावी. दारावरच्या माणसाला ती दाखविता येते.