इंजेक्शनद्वारे घ्यावयाची पेप्टाइड औषधे व त्यांची साठवण : रिसोड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मधुमेहाच्या उपचारात औषधाची निवड व मात्रा यांची चर्चा पुष्कळ होते. ते औषध घरी कोठे ठेवले जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी आहे. वाशिम जिल्ह्यातील रिसोड परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. लसींप्रमाणेच या औषधांनाही शीतसाखळी लागते आणि तिची शेवटची कडी रुग्णाचे घर ही होय. प्रस्तुत लेखात याच कडीचा विचार केला आहे.

पेप्टाइड औषधांचे स्वरूप :
अमिनो आम्लांच्या साखळीस पेप्टाइड म्हणतात. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी मिळविलेले इन्सुलिन हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्यात दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्ले असतात. त्यांचा क्रम उलगडणाऱ्या फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साखळ्यांच्या विशिष्ट घडीवर औषधाचा गुण अवलंबून असतो. अति उष्णता किंवा सततचे हादरे यांमुळे ही घडी बिघडते व रेणू एकमेकांस चिकटतात. गोठण्यानेही औषध निकामी होऊ शकते. २०२५ मध्ये भारतात आलेल्या टिर्झेपाटाइडसारख्या नव्या औषधांनाही हीच मर्यादा लागू आहे.

साठवणुकीचे नियम :
न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यात किंवा त्यास लागून ते ठेवू नये. एकदा गोठलेले औषध वितळल्यावरही वापरू नये. वापरात घेतलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस टिकते. अचूक मुदत वेष्टनातील पत्रकात पाहावी. कुपीवर उघडल्याची तारीख लिहावी. मोटारसायकलची डिकी, एस.टी.ची खिडकी व पत्र्याच्या छताखालील फळी या जागा टाळाव्यात.

न दिसणारा धोका :
बिघडलेले औषध नेहमीच गढूळ दिसत नाही. स्वच्छ द्रावाचा गुणही कमी झालेला असू शकतो. रुग्ण नियमाने इंजेक्शन घेतो, तरी साखर उतरत नाही. पथ्य मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो आणि मात्रा वाढविली जाते. पुढे नवी, सुस्थितीतील कुपी सुरू होताच वाढविलेली मात्रा साखर एकदम खाली आणू शकते व प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून मात्रा वाढविण्यापूर्वी ‘औषध कोठे ठेवता?’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.

स्थानिक उपाय :
फ्रिज नसल्यास किंवा वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास माठ उपयोगी पडतो. मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे व औषध कोरड्या डब्यात घालून त्या मडक्यात ठेवावे. सच्छिद्र मातीतून पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हा परिणाम चांगला मिळतो; पावसाळ्याच्या दमट हवेत तो घटतो. मात्र माठ २ ते ८ अंशांपर्यंत थंड करू शकत नाही. त्यामुळे तो वापरातील औषधापुरताच पर्याय असून आत साधा तापमापक ठेवणे इष्ट.

निष्कर्ष :
औषधाचा परिणाम साठवणुकीवरही अवलंबून असतो. महाविद्यालयात इन्सुलिन घेणारे विद्यार्थी व सहकारी असू शकतात. त्यांच्यासाठी कार्यालयातील फ्रिजमध्ये एक कप्पा राखून ठेवता येईल. रसायने असलेला प्रयोगशाळेतील फ्रिज त्यासाठी वापरू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून माठाचे प्रात्यक्षिक खेड्यांपर्यंत नेता येईल. या कार्यास खर्च अल्प लागतो. त्यातून टळणारी हानी मात्र मोठी आहे.