किल्लारीचं बोअर आणि पिसदुऱ्याचं शेण

लातूर-नांदेडकडं लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं का सापडत नाहीत? काळा पाषाण आडवा येतो! 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटर बेसाल्टखाली लाव्ह्याआधीचा गाळ लागला, तोही जेमतेम 8 मीटर.

म्हणून शोध चंद्रपूरकडं, तिथं हा हाडं धरणारा गाळ उघडा पडलाय. डोंगरगावच्या टेकडीत पुढच्या उंच पायांचा इसिसॉरस निघाला. जैन आणि बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन छापलं.

पण मला विचाराल तर हाडांपेक्षा त्याच भागातल्या पिसदुरा गावचं शेण भारी. हो, शेणच, दगड झालेलं! बहुधा इसिसॉरसच्याच टायटॅनोसॉर कुळातल्यांचं. 2005 मध्ये त्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि गवत डायनोसॉरनंतर आलं हा समज मोडला. रवंथ सोडा, हे प्राणी चावतही नसत. पाला ओरबाडायचा, गिळायचा, पुढचं काम पोटातल्या जंतूंचं. डोकं लहान राहिलं, म्हणूनच एवढी लांब मान पेलली.

आणि आपली गोदावरी? तिच्याच खोऱ्यात, खाली तेलंगणात, इसिसॉरसहून दहा कोटींपेक्षा जास्त वर्षं जुना, लांब मानेचाच बारापासॉरस मिळाला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. तिकडं गेलात तर चुकवू नका.