अहमद खान : अनवाणी पाय आणि बूट



माझा भाचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल रक्तातच. मागे आमच्याकडे राजाजीनगरला आला होता. जेवताना म्हणाला, "मामा, बूट नव्हते म्हणून आपण १९५०चा वर्ल्ड कप खेळलो नाही ना?" त्याला याच शहरातल्या एका खेळाडूची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

अहमद खान यांचा जन्म १९२६चा, बंगळूरचा. ते शाळकरी वयाचे असताना, १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला. १८९१पासूनच्या त्या स्पर्धेत भारतीय संघाला तोवर कप मिळाला नव्हता. तो गोऱ्या पलटणीच न्यायच्या. पुढच्या वर्षी याच संघाने तो पुन्हा जिंकला. अशा गावात हा मुलगा वाढला.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला अहमद खान गेले. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना. (ज्यांच्या नावावर आमचं राजाजीनगर, ते राजाजी तेव्हा गव्हर्नर जनरल.) आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. गरिबी होतीच, पण ते एकच कारण नव्हे. अनवाणी पायाला चेंडू कळतो. तो अंगठ्याने थांबवता, तळव्याने वळवता येतो. आपण दोन पेनल्टी चुकवल्या आणि १-२ हरलो. आपला एकमेव गोल सारंगपाणी रमण यांचा, तेही बंगळूरचेच. थोडक्यात, त्या दिवशी आपण बुटांवाचून हरलो नाही.

१९५०च्या वर्ल्ड कपचं म्हणाल, तर प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतल्यामुळे आपण न खेळताच पात्र ठरलो होतो. पण ब्राझीलचा लांबचा बोटीचा प्रवास, सरावाला अपुरा वेळ, आणि फेडरेशनच्या लेखी ऑलिंपिकच मोठं. बुटांची गोष्ट मागाहून चिकटली.

१९५१ला दिल्लीत एशियन गेम्सचं सुवर्ण मिळालं, त्या संघात अहमद खान होते. खरा हिशेब झाला १९५२ला हेलसिंकीत. थंडी, ओलं मैदान, समोर युगोस्लाव्हिया. १-१० हरलो. आपला तो एक गोल अहमद खान यांचा, अगदी शेवटी शेवटी. ओल्या गवतावर स्टडशिवाय वळताना काय होतं, हे मी पलटणीच्या सामन्यांत स्वतः पडून शिकलोय. अर्थात युगोस्लाव्हियाचा तो संघ पुढे फायनलपर्यंत गेला, तेव्हा सगळा दोष पायांना देऊ नये. पण त्यानंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले.

अनवाणी घडलेले किती खेळाडू बुटांत अवघडले असतील! अहमद खान मात्र ईस्ट बंगालकडून १९४९ ते १९५९ खेळले. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, सालेह आणि ते, या पाच जणांना कलकत्त्यात 'पंचपांडव' म्हणत. २०१७ साली, नव्वदाव्या वर्षी, ते बंगळूरलाच वारले.

भाचा म्हणाला, "आमच्याकडे हे नाव कुणी घेत नाही." मी म्हटलं, अरे, इथेही फारसं घेत नाहीत.