मूल होत नाही? तपासणी दोघांचीही करा!

धानाची रोवणी सुरू झाली की बांधीत बायकांच्या रांगा लागतात. लग्नाला तीन-चार वर्षे झालेल्या सुनेला कोणीतरी हमखास विचारते, "का गं, अजून काही नाही का?" ती मान खाली घालते. त्याच बांधीत चिखलणी करणाऱ्या तिच्या नवऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पुढे दोरे-गंडे होतात, नवस होतात, कधी दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. तपासणी तेवढी होत नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते? मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो.

वीर्यातही जीवाणू

निरोगी पुरुषाच्या वीर्यात जीवाणू नसतात, असे पूर्वी मानत. आता तसे नाही. आपल्या आतड्यात जसे जीवाणू राहतात, तसेच थोडे वीर्यातही असतात, आणि ते सगळेच वाईट नसतात. बिघाड होतो तो त्यांचा समतोल ढळला की. जननमार्गाला सूज येते, पांढऱ्या पेशी वाढतात आणि त्यातून निघणाऱ्या घातक द्रव्यांनी शुक्राणूंना इजा होते. काही जीवाणू शुक्राणूंना चिकटून त्यांची चाल मंदावतात. गुप्तरोगाकडे दुर्लक्ष झाले तर शुक्राणूंची वाटच बंद होऊ शकते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ७३ पुरुषांच्या वीर्याचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या शुक्राणूंची हालचाल कमी होती, त्यांच्यात 'लॅक्टोबॅसिलस इनर्स' हा जीवाणू जास्त आढळला. मात्र तोच कारण आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. म्हणून मेडिकलमधून मनानेच जंतुनाशक गोळ्या आणून खाऊ नका.

काय करावे?

पहिली तपासणी अगदी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. त्यात शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. अहवाल कमी आला तर घाबरू नये, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. लघवीला जळजळ, स्राव किंवा अंडकोषात दुखणे असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. संसर्ग निघाला तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावे, नाहीतर तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारावे.

बिडी आणि दारूनेही शुक्राणू बिघडतात. आपल्या भागात बिडी वळून अनेकांची चूल पेटते, पण ती ओढणे हे वेगळे. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज व्यसन सोडले तर फरक दिसायला तीन महिने धीर धरावा.

लाज कशाची?

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा! तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आम्ही नमुन्याची डबी हातात घ्यायला का लाजावे?

भावांनो, बायकोला एकटीला दवाखान्यात पाठवू नका. सोबत जा, आणि आधी आपली तपासणी करून घ्या.